एकच काटा

जून 2022 मध्ये आमचा अमरावती–अकोला रस्ता गिनीज बुकात गेला. राष्ट्रीय महामार्ग 53 वर डांबरी काँक्रीटची सलग 75 किलोमीटर लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून झाली. त्यासाठी 720 माणसं दिवसरात्र राबली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, 25.275 किलोमीटरचा. वर्षानुवर्षं या रस्त्यावर कंबरडं मोडून घेतलेल्या आम्हा लोकांना त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. मला त्या बातमीतलं एक पोटवाक्य आवडलं. हे 75 किलोमीटर एका लेनच्या हिशेबानं होते. दोन लेनचा रस्ता धरला, तर साडेसदतीस. आकडा शंभर टक्के खरा होता. फक्त तो कशाचा, हे विचारावं लागत होतं. कॉम्प्युटर सायन्समध्ये पुढचं शिक्षण घेणारा माणूस बाकी काही शिकला नाही तरी चालेल, पण एवढं विचारायला शिकला नाही, तर त्याची फी वाया गेली असं मी मानते.

मी राहायला अकोल्यात. एम.एस्सी. अमरावतीला केली, पीएच.डी.ची नोंदणीही तिथंच, आणि शिकवते अकोल्यात, तासिका तत्त्वावर. त्यामुळे या रस्त्याच्या एका टोकाला पोट आणि दुसऱ्या टोकाला प्रबंध अशी माझी वाटणी आहे. रस्ता साडेचार दिवसांत झाला. पीएच.डी.ला यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं लागतात, जास्तीत जास्त सहा. मग पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि बाई असेल तर त्यावर आणखी दोन. सवलतीची बाब म्हणून मी हे घरी कौतुकानं सांगितलं. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाप्पा! तवर त आपली पोट्टी दहावीत जाईन."

या रस्त्याच्या मध्यावर मूर्तिजापूर लागतं. अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे इथूनच सुटायची; आता ती बंद आहे. त्याच तालुक्यातलं मुरंबा हे विजय भटकरांचं जन्मगाव. जन्म 1946 चा. 1965 मध्ये नागपुरातून अभियांत्रिकीची पदवी, मग बडोद्याला मास्टर्स, मग आयआयटी दिल्लीतून 1972 मध्ये डॉक्टरेट. पुण्यात 1988 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झालं आणि तीन वर्षांत, 1991 साली, 'परम 8000' हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. आमच्याकडे बक्षीस समारंभात पाहुण्यांना भाषण सुचलं नाही, की ते 'परम'वर येतात. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले आणि वऱ्हाडातल्या पोरानं तो बनवून दाखवला, इथं टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. मुरंब्यापासून सी-डॅकपर्यंतच्या मधल्या वर्षांबद्दल, त्या नागपूर-बडोदा-दिल्लीबद्दल, कोणी बोलत नाही. तिथं टाळ्या घेण्यासारखं काही नसतं. तिथं माणूस नुसता बसून शिकत असतो.

'परम'मधली युक्ती मात्र समजून घेण्यासारखी आहे, आणि माझा प्रबंधही त्याच गावचा असल्यामुळे मला ती सांगायला आवडते. एक महागडा, प्रचंड वेगवान प्रोसेसर मिळत नसेल, तर बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर घ्यायचे, एकमेकांना जोडायचे आणि कामाचे तुकडे करून सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावायचं. 'परम'साठी ट्रान्स्प्यूटर नावाच्या चिप वापरल्या होत्या. ऐकायला सोपं वाटतं. पण कोणता तुकडा कोणाला द्यायचा, कोणी कोणासाठी थांबायचं आणि थांबून राहिलेल्याचं काय करायचं, यावर जगभर प्रबंध लिहून झाले तरी विषय संपलेला नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्येच याची मर्यादा दाखवून दिली. कामाचा दहावा हिस्सा जर एकामागून एकच करावा लागणार असेल, तर तुम्ही हजार प्रोसेसर लावा की लाख, काम दहापटीच्या पलीकडे वेगानं होणार नाही.

वर्गात हे सांगताना मी फळ्यावर सूत्र नंतर लिहिते, आधी कापसाचं वावर काढते. दिवाळीनंतरची वेचणी. बाया सकाळीच कमरेला फडकी बांधून तासाला लागतात, एकेक जण एकेक तास धरते. दुप्पट बाया लावल्या, तर वावर निम्म्या वेळात वेचून होतं. संध्याकाळी सगळ्याजणी आपापली गाठोडी घेऊन धुऱ्यावर येतात. मजुरी किलोवर असते, म्हणून प्रत्येकीचं गाठोडं वेगळं मोजावं लागतं. आणि काटा असतो एक. बाया दहा असोत की चाळीस, काट्यापाशी रांगच लागते. उलट जितक्या बाया जास्त, तितकी रांग लांब. दिवस बुडालेला असतो, घरी चूल पेटायची असते, पण काटा आपल्या चालीनं चालतो. वर्गातली निम्मी पोरं या रांगेत आईसोबत उभी राहिलेली असतात. त्यांना अ‍ॅमडाल लगेच कळतो. सूत्र मग मी परीक्षेपुरतं लिहून देते.

पदव्युत्तर शिक्षणाचंही मी याच काट्याशी बसून मोजमाप करत आले आहे. यातलं पुष्कळसं काम वाटून देता येतं. संदर्भ शोधायला शोधगंगा आहे, प्रोग्राम लिहायला हल्ली एआय मदतीला आहे, आलेख काढून देणारी साधनं फुकट मिळतात, इंग्रजी नीट करून देणारेही आहेत. पेट ही प्रवेश परीक्षा दिली, कोर्सवर्क झालं, विषयाला मान्यता देणाऱ्या आरआरसी समितीपुढे बसून आलो, सहामाही प्रगती अहवालावर सह्या झाल्या. हे सगळं इतरांच्या मदतीनं, थोड्या ओळखीपाळखीनं आणि झेरॉक्सवाल्याच्या कृपेनं पार पडतं. वाटून देता न येणारी गोष्ट एकच: मी नेमकं काय विचारते आहे? तिथं माणसाला एकट्यानं काट्यापाशी उभं राहावं लागतं, आणि गाइड कितीही मोठा असला तरी त्याला रांग मोडून पुढे घेता येत नाही.

पदवीपर्यंत हा प्रश्न येत नाही. तिथं प्रश्न छापून मिळतात, आपण उत्तरं द्यायची. बी.एस्सी., बी.ई.ला आपण 'हे कसं करायचं' शिकतो. मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या तासाला 'हे मुळात करता येतं का' असा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो. 1936 साली, आज ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो तो जन्माला येण्याआधीच, अ‍ॅलन टुरिंगनं सिद्ध केलं होतं की काही प्रश्नांना प्रोग्राम लिहून उत्तर देता येणारच नाही. दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे कुठल्याही प्रोग्रामबाबत बिनचूक सांगणारा दुसरा प्रोग्राम अशक्य आहे. मशीन लहान आहे किंवा मेमरी कमी आहे, म्हणून नव्हे. अशक्य म्हणजे अशक्य. हे सांगून झालं की वर्ग शांत होतो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मंग हे शिकून काय फायदा?" पोरगं चेष्टा करत नव्हतं. चार वर्षं त्याला कॉम्प्युटर सगळं करू शकतो असं सांगण्यात आलं होतं. कुंपण कुठपर्यंत आहे ते ठाऊक नसताना वावर पेरणारा माणूस तुझ्या गावात आहे का, असं मी त्याला विचारलं. तो हसला, पण पटल्याचं काही दिसलं नाही.

त्याचा प्रश्न दुसऱ्या अर्थानंही खरा आहे. आमच्याकडे बी.ई. झालेली पोरं हिंजवडीला जातात. मागे राहून एम.एस्सी. किंवा एम.ई. करणाऱ्यांत घरून पुण्याला न पाठवलेल्या मुली असतात, नेट-सेट काढून प्राध्यापक व्हायचं स्वप्न असलेले असतात, पहिल्या फेरीत नोकरी न लागलेले असतात, आणि चार-दोन असे, ज्यांना हा विषयच आवडतो. प्राध्यापकीच्या स्वप्नाचं काय होतं, ते आम्ही तासिकावाले अंगावर वागवतो. जितके तास घेतले तितक्यांचे पैसे, सुटीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही, आणि बिल कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही. नेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं वर्षानुवर्षं अशी काढतात. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की काळजीनं विचारतात, "एवढं शिकून बी तासावरच काय वो?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. पीएच.डी.चं गुणगान करताना हा परिच्छेद गाळणाऱ्या लेखांवर माझा विश्वास बसत नाही.

तरीही लहान गावातून केलेली डिग्री ही हलकी डिग्री, असं जे आमच्याच मुलांच्या मनात बसलेलं असतं, ते मला मान्य नाही. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समधल्या पहिल्या डॉक्टरेट 1965 च्या जून महिन्यात दिल्या गेल्या. त्याच वर्षी भटकर नागपुरात इंजिनिअर होत होते. त्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक होत्या सिस्टर मेरी केनेथ केलर. जोगीण बाई. विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतल्यावर त्या आयोवा राज्यातल्या डब्यूक या लहान शहरी क्लार्क कॉलेजात गेल्या, तिथं कॉम्प्युटर सायन्सचा विभाग सुरू केला आणि वीस वर्षं तो चालवला. आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख, आपल्या कापसाच्या मुलखासारखाच. एवढी मोठी पदवी घेऊन त्या मोठ्या शहरात का गेल्या नाहीत, हे तिथल्याही काकूंनी विचारलं असणारच.

अमरावतीचं विद्यापीठ शहराच्या कडेला, टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. आवारात बिबट्या दिसल्याची बातमी मधूनमधून येते आणि त्या दिवशी लॅब लवकर रिकाम्या होतात. नागपूर विद्यापीठापासून वेगळं होऊन 1 मे 1983 रोजी हे सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. 2005 पासून त्याला संत गाडगे बाबांचं नाव आहे. ज्यांनी शाळेचा उंबरा ओलांडला नाही त्यांच्या नावानं आम्ही डॉक्टरेट घेतो, याची गंमत भाषणांत बऱ्याचदा सांगून झाली आहे. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. बाबांचं कीर्तन उपदेशाचं कमी आणि विचारण्याचं जास्त असे. देव कुठं राहतो, नवसानं पोरं होतात का, कर्ज काढून सण केला तर फेडतं कोण, असं ते समोर बसलेल्या माणसांना विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. आमच्या व्हायवाला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांतही क्वचित कोणी तसा भेटतो, आणि तसा भेटला की विद्यार्थ्याला घाम फुटतो.

दर्यापूर तालुक्यातली एक मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी माझ्याकडे आली होती. विषय अर्थातच ठरलेला: पानांच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणे. आमच्याकडे दरवर्षी निम्मे प्रोजेक्ट याच विषयावर असतात. त्यांचं मूळ 2016 च्या एका शोधनिबंधात आहे. 'प्लांटव्हिलेज' या संग्रहातले 54,306 फोटो वापरून संशोधकांनी 14 पिकांवरचे 26 रोग ओळखणारं मॉडेल बनवलं आणि अचूकता काढली 99.35 टक्के. तो आकडा पोरांना तोंडपाठ असतो. त्याच निबंधात पुढे दिलेला आकडा कोणी वाचत नाही. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरचे फोटो दाखवल्यावर तेच मॉडेल 31.4 टक्क्यांवर आलं. कारण संग्रहातलं प्रत्येक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेला होता. वावरात पान तसं उभं राहत नाही.

या मुलीनं एक दिवस त्या 14 पिकांची यादी माझ्यापुढे ठेवली. सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, स्ट्रॉबेरी आहे, टोमॅटो-बटाटे आहेत, आपलं सोयाबीनसुद्धा आहे. "मॅडम, याच्यात कापूस नाही." मी यादी पुन्हा वाचली. खरंच नव्हता. मग ती दसऱ्याला घरी गेली आणि वडिलांच्या कपाशीत मोबाइल घेऊन पानांचे फोटो काढायला लागली. वडील धुऱ्यावर बसून बराच वेळ पाहत होते. शेवटी उठून आले. "पानात काहाले पायतं माय? पान त हिरवंगार दिसते. बोंड फोडून पाय." त्यांनी एक हिरवं, बाहेरून अगदी निरोगी दिसणारं बोंड तोडलं, अंगठ्यानं पाकळ्या उकलल्या आणि आतली सरकीला चिकटलेली गुलाबी अळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं त्याचा फोटो मला पाठवला. खाली एकच ओळ होती: "हा रोग पानावर नाहीच."

2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं, ते इथं कोणाला सांगायला नको. ज्या बीटी बियाण्यानं अळीपासून संरक्षण मिळायचं, त्याला ती पुरून उरली. अंड्यातून निघालेली सुताएवढी अळी बोंडात शिरते, शिरलेलं छिद्र बुजून जातं, आणि मग बाहेरून काही कळत नाही. फुलांच्या दिवसांत पाकळ्या गुंडाळून न उमललेली डोमकळी दिसते, एवढीच काय ती खूण. म्हणून कृषी विद्यापीठं कामगंध सापळे लावायला सांगतात: एका सापळ्यात सलग तीन रात्री, रोज या अळीचे आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा फोडून पाहिलेल्या वीस बोंडांत दोन ठिकाणी अळी निघाली, तर उपाय करायची वेळ झाली. पतंग मोजण्याच्या कामात फोन उपयोगी पडू शकतो, हे वाधवानी एआय या संस्थेनं आधीच करून दाखवलं आहे. सापळ्यातले पतंग कागदावर पसरा, फोटो काढा, मोजणी फोनकडून करून घ्या.

मुलीनं प्रोजेक्ट बदलला. पानं सोडली आणि डोमकळीचे फोटो घेतले. वावरातलेच, ऊन-सावलीतले, मध्येच बोट आलेले, वाऱ्यानं हललेले. शिवाय वडिलांच्या सापळ्यातले पतंग रोज सकाळी वहीत मांडले. तिच्या मॉडेलची अचूकता वर्गात सगळ्यात कमी आली. सादरीकरणात बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला: बाकीच्यांचे 98 आणि 99 आहेत, तुमचे इतके कमी का? ती म्हणाली, "सर, माझं मॉडेल कमी नाही. माझे फोटो खरे आहेत." त्यानंतर अर्धा तास ते तिलाच प्रश्न विचारत राहिले. इतरांना प्रत्येकी पाच मिनिटं मिळाली.

या गोष्टीचा शेवट काही साजरा करावा असा नाही. ती आता पुण्यात एका कंपनीत टेस्टिंग करते. कापसाशी त्या कामाचा काडीचा संबंध नाही. पीएच.डी.चा विषय निघाला की ती हसून टाळते, आणि तिचं घर मला ठाऊक असल्यामुळे मी आग्रह धरत नाही. पण सापळ्याची वही तिच्या वडिलांनी चालू ठेवली आहे. यंदा पावसाळ्यात ते कृषी केंद्रावर गेले. दुकानदारानं सवयीनं एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. त्यांनी बाटलीला हात लावला नाही. "किती पतंग घावले त फवारनी करा लागते, सांग बरं?" असं त्यांनी विचारलं. दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. ते तसेच घरी परतले आणि त्या आठवड्यात फवारणी झाली नाही. सापळ्यात तेवढे पतंगच नव्हते.

हे मला मुलीनं फोनवर सांगितलं, हसत हसत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा हा निकाल गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात बसत नाही, आणि माझ्या तासिकेच्या बिलातही तो मांडता येत नाही. पण यंदा कोणी प्रवेश घ्यायला आलं आणि या शिक्षणानं होतं काय असं विचारलं, तर नोकरीबद्दल जे खरं आहे ते आधी सांगेन आणि मग हे सांगेन.